सिएटलचं गॅस वर्क्स पार्क: गंजलेले मनोरे, मातीची टेकडी आणि तिच्याखालचं डांबर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पहिली बाबांची: लेक युनियनच्या काठावर इतकी मोक्याची जागा, पाण्यापलीकडे शहरातल्या उंच इमारतींची रांग, आणि मधोमध हे गंजलेलं लोखंड कशाला ठेवलंय? आपल्याकडे असतं तर आठ दिवसांत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनी उचललं असतं. दुसरी तुमची: चार वर्षांच्या मुलाला तिथल्या गवतावर लोळू द्यायचं की नाही, कारण ऑफिसात कुणीतरी 'ती माती विषारी आहे' असं म्हणालं. तिसरी: पाणी हाताच्या अंतरावर असून त्यात कुणी पाय का बुडवत नाही.

तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, पायाखाली. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा आखणारा. बावीस वर्षं या भागात काम करतोय आणि त्यातली निम्मी तरी जुने कारखाने, पेट्रोल पंप आणि गोद्या यांनी बिघडवलेल्या जमिनींवर गेली. त्यामुळे उत्तर लांबणार. बाबा रसायनीला प्लांटवर होते असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांनाही वाचून दाखवा. मधला भाग तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळेल.

आधी एक गंमत. ही जागा बागेसाठी राखावी हे १९०३ सालीच कागदावर आलं होतं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्या घराण्याच्या नावावर आहे, त्या ऑल्मस्टेडांच्या पुढच्या पिढीच्या कंपनीला सिएटलने शहरातल्या बागांचा आराखडा करायला बोलावलं होतं. लेक युनियनच्या उत्तरेला पाण्यात शिरलेलं हे टोक बघून त्यांनी लिहिलं की इथून तळ्याचा देखावा चांगला दिसतो, होड्यांना आणि मुलांच्या खेळाला जागा चांगली, शहराने ती ताब्यात घ्यावी. शहराने ऐकलं नाही. तीनच वर्षांनी, १९०६ साली, तिथे सिएटल गॅस लाइट कंपनीचा कारखाना उभा राहिला. शेजारून रेल्वे जात होती, कोळसा आणायची सोय होती, कारखान्याच्या दृष्टीनेही जागा नामी होती. म्हणजे जी बाग फुकटात किंवा फुटकळ पैशांत झाली असती ती मिळायला सत्तर वर्षं लागली, आणि मिळाली ती डांबरासकट.

आता गॅसचा कारखाना म्हणजे काय. जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू इथे यायच्या आधी शहरं आपला गॅस स्वतः 'शिजवत' असत. कोळसा बंद भट्टीत तापवायचा, तापलेल्या कोकवरून (कोळसा भाजून उरतो तो) वाफ सोडायची, निघालेला वायू धुवायचा, गाळायचा, मोठ्या टाक्यांत साठवायचा आणि नळाने घरोघर पोचवायचा. आधी दिव्यांसाठी, मग स्वयंपाकासाठी. आपल्याला हे परकं नाही. मुंबईतही १८६०च्या दशकात रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, आणि लालबागला 'गॅस कंपनी' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. सिएटलच्या कारखान्याने १९३७ साली कोळसा सोडून तेलापासून गॅस करायला सुरुवात केली. आज जे उंच मनोरे दिसतात ते मुख्यतः या तेलाच्या काळातले जनरेटर आहेत, विजेचे नव्हे, गॅस तयार करणारे.

गॅस विकला जातो, पण त्याच्याबरोबर निघणारी बाकीची मंडळी जागेवरच राहतात. डांबर, काजळी, बेंझिन, टोल्युइन, नॅप्थलीन. बाबांना ही यादी पाठ असेल. बाकीच्यांसाठी सांगतो: नॅप्थलीन म्हणजे आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या. आपण त्यांना डांबरगोळ्या का म्हणतो याचा विचार मी कधी केला नव्हता. पहिल्यांदा एका जुन्या गॅस कारखान्याच्या जागी (या नव्हे, दुसऱ्या) खड्डा खणताना उभा राहिलो, आठ फुटांवर काळी माती लागली आणि एकदम पैठण्या ठेवलेल्या ट्रंकेचा वास आला. शब्दानेच सगळं सांगून ठेवलं होतं. कोळशाच्या डांबरातूनच त्या निघतात. गॅसमधलं गंधक काढायला इथे आर्सेनिक वापरणारी प्रक्रियाही होती, त्यामुळे तोही पाहुणा जमिनीत राहिला.

यातला काही माल कारखाना विकत असे, उरलेला सांडे, झिरपे, तळ्यात जाई. शेजारच्या वॉलिंगफर्ड वस्तीतल्या, उतारावरच्या घरांतले लोक काजळीने वैतागले होते. १९५६ साली पाइपलाइनने नैसर्गिक वायू शहरात पोचला आणि एवढा मोठा कारखाना निकामी झाला. १९६२ साली शहराने जागा विकत घ्यायचं ठरवलं. किंमत साधारण १३ लाख ४० हजार डॉलर, तीही हप्त्यांनी, शेवटचा हप्ता १९७३ साली.

ही खरेदी व्हावी म्हणून ज्यांनी जोर लावला त्या नगरसेविकेचं नाव मर्टल एडवर्ड्स. १९६९ साली मोटार अपघातात त्या गेल्या आणि बागेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. पुढे काय झालं ते मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. रिचर्ड हॅग नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टकडे आराखड्याचं काम आलं. वॉशिंग्टन विद्यापीठात १९६४ साली लँडस्केप आर्किटेक्चरचा विभाग सुरू करणारे तेच. सगळ्यांची अपेक्षा सरळ होती: लोखंड काढा, जमीन सपाट करा, हिरवळ लावा, झाडं लावा. हॅग जागेवर गेले, फिरले, एक रात्र तिथेच झोपले. त्यांनी बघितलं की इथे झाड नाही, खडक नाही, ओढा नाही, निसर्ग म्हणून जपावं असं काहीच उरलेलं नाही. जे आहे ते हे मनोरे. आपल्या धंद्यात नवीन जागेवर गेलं की आधी शोधतो की इथलं जुनं, जागेला धरून असलेलं काय आहे. त्यांना ते लोखंडात सापडलं.

लोक खवळले. एडवर्ड्स यांच्या कुटुंबाला तर हे इतकं खटकलं की त्यांनी १९७२ साली बागेवरून त्यांचं नाव काढून घ्यायला लावलं. मला ते समजू शकतं. आईची आठवण म्हणून कुणी गंजका बॉयलर दाखवला तर आपल्यालाही लागेल. नंतर १९७६ साली समुद्राच्या बाजूच्या दुसऱ्या बागेला मर्टल एडवर्ड्स पार्क हे नाव मिळालं. तीही पाण्याकाठची. सवड असेल तर आईबाबांना दोन्ही एका दिवशी दाखवा.

हॅग यांनी लोकांना पटवलं ते नुसत्या भाषणांनी नाही. त्यांनी आपलं ऑफिसच कारखान्यातल्या लोहारकामाच्या जुन्या शेडमध्ये थाटलं आणि सभा तिथे घ्यायला लागले. पाटीवरच्या नकाशात बघून 'पाडा' म्हणणं सोपं असतं. त्याच यंत्राखाली खुर्ची टाकून बसल्यावर माणूस वर बघतो. हे मी पुढे स्वतः कितीतरी ठिकाणी वापरलं: विरोध करणाऱ्यांची मीटिंग कधी हॉलमध्ये घेऊ नका, जागेवर घ्या. अखेर बरीचशी यंत्रं गेली, पण मनोरे राहिले. बॉयलर हाऊसची सहलीला बसायची शेड झाली, आणि पंप व काँप्रेसर असलेल्या इमारतीतली यंत्रं भडक रंगांत रंगवून ती मुलांना खेळायला मोकळी केली. १९७५ साली बाग खुली झाली. अमेरिकेत या प्रकारच्या गॅस कारखान्याचे इतके अवशेष जागेवर उभे असलेलं दुसरं ठिकाण नाही असं मानतात. २०१३ साली जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली. म्हणजे जे भंगार म्हणून हिणवलं ते आता वारसा ठरलंय.

हे झालं बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. दुसरं अर्धं तुमच्या प्रश्नात आहे, कारण लोखंड ठेवण्यापेक्षा मोठा धोका हॅग यांनी मातीबाबत पत्करला.

१९७०च्या आसपास दूषित जमिनीवर ठरलेला एकच उपाय होता: खणा, ट्रकमध्ये भरा, दुसऱ्याच्या गावात नेऊन टाका. इथे जवळपास १९ एकर जागा आणि डांबर किती खोल गेलंय याचा पत्ता नाही. पैसा पुरलाच नसता. हॅग आणि त्यांच्याबरोबरचे मृदाशास्त्रज्ञ यांनी वेगळा विचार केला. तेल आणि डांबर हे शेवटी कार्बनचेच पदार्थ. त्यांच्यावर जगणारे जिवाणू मातीत असतातच, फक्त त्यांची उपासमार होत असते, कारण कार्बन भरपूर असला तरी नायट्रोजन नसतो आणि हवा नसते. म्हणून त्यांनी मैला-शुद्धीकरण केंद्रातला गाळ, लाकडाचा भुसा आणि पालापाचोळा त्या मातीत नांगरून घातला. नांगरल्याने हवा मिळाली, गाळाने नायट्रोजन दिला. आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही, उकिरड्यातलं शेणखत घालून पडीक रान उठवतात तेच. त्या काळी बागेच्या कामात असं करणं मात्र धाडस होतं. आज याला जैविक उपचार म्हणतात आणि आमच्या कामात तो रोजचा शब्द झालाय.

आणि कारखान्याच्या पायांचा, भिंतींचा जो ढिगारा निघाला तो बाहेर न नेता एका जागी रचला, त्यावर चांगली माती टाकली. ती तुमची पतंगांची टेकडी, काइट हिल. तुमचा मुलगा जिच्यावरून गडगडत खाली येतो ती मुळात कारखान्याच्या मलब्याची रास आहे, साधारण ४५ फुटांची. खणलेलं कुठे न्यायचं या अडचणीतून शहरातली देखावा बघायची सगळ्यात लोकप्रिय जागा तयार झाली. (पतंग नक्की उडवा, वारा तळ्यावरून छान येतो. काचेचा मांजा मात्र घरीच ठेवा, इथे त्यावर हसणार नाहीत.)

तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांच्या लक्षात येईल की बागेत झाडं कमी आहेत, सावली जवळजवळ नाही. कारण तेच. झाड लावायचं म्हणजे खोल खड्डा, आणि खड्डा म्हणजे खालचं वर. म्हणून तिथे गवताचं राज्य आहे, आणि सिएटलच्या कोरड्या उन्हाळ्यात तेही वाळून पिवळं पडतं. जुलैत आईंना नेणार असाल तर टोपी, पाणी आणि संध्याकाळची वेळ.

जिवाणूंनी सगळं खाल्लं का? नाही. हलके पदार्थ ते खातात, पण कार्बनच्या चार-पाच कड्या जोडलेली जड संयुगं त्यांच्या दाताला लागत नाहीत, आणि खोल साचलेल्या डांबरापर्यंत ना हवा पोचते ना नांगर. बागेचं कौतुक करणारे बरेच लेख हा भाग गाळतात आणि 'निसर्गाने जमीन बरी केली' असं लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. हॅग यांची पद्धत हुशार होती, पहिली होती, आणि अपुरी होती. १९८४ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या तपासण्यांत मातीत कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं आढळली आणि महापौरांनी बाग बंद केली. पुढे उघड्या मातीवर नवा थर टाकून ती उघडली. म्हणजे १९८१ साली अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्टांच्या संस्थेचा सर्वोच्च डिझाइन पुरस्कार मिळालेली बाग तीन वर्षांत कुलूपबंद. या धंद्यात पुरस्कार लवकर मिळतात, माती उशिरा बोलते.

खरं तांत्रिक काम त्यानंतर झालं. १९९९ साली राज्याच्या इकॉलॉजी खात्याबरोबर कोर्टामार्फत करार झाला. आग्नेय कोपऱ्यात बेंझिन भूजलात उतरलं होतं. तिथे जमिनीत पाइप घालून भूजलाखाली हवा सोडायची, बुडबुड्यांबरोबर बेंझिनची वाफ वर येते, ती वरच्या पाइपांनी ओढून घ्यायची आणि शुद्ध करायची. बाबांना सांगा, प्लांटवरचा स्ट्रिपर (द्रवातला वायू वेगळा काढणारा मनोरा) जमिनीत पुरल्यासारखं आहे. बाकी भागांत जुन्या मातीवर चिवट कापडी थर आणि त्यावर स्वच्छ माती असं झाकण टप्प्याटप्प्याने घातलं.

तेव्हा तुमच्या मुलाचं काय? गवतावर लोळू द्या. तो ज्यावर लोळतो ती आणलेली माती आहे, आणि झाकण जागेवर आहे ना हे तपासत राहणं हे तिथल्या यंत्रणेचं काम आहे. मी माझ्या मुलींना तिथे वाढवलंय. पण तीन गोष्टी पाळा. फावडं-बादली नेऊ नका, कारण झाकणाचा अर्थच ते खणू नये असा आहे. उन्हाच्या दिवसांत कुठे जमिनीतून काळा चिकट थेंब वर आलेला दिसला तर हात लावू देऊ नका. डांबर तापलं की पातळ होतं आणि वाट शोधतं, तिथे असं झालेलं आहे आणि अशा जागांना कुंपण घालतात. आणि डबा उघडायच्या आधी हात धुवा, जे आपण कुठेही करतोच.

मनोऱ्यांभोवतीचं कुंपण वेगळ्या कारणासाठी आहे. त्यावर चढून पडून माणसं दगावली आहेत. दहावी-बारावीतली मुलं रात्री हमखास प्रयत्न करतात. तुमचा अजून लहान आहे, पण पुतणे-भाचे आले तर लक्षात ठेवा. कुंपणाने बागेचा अनुभव तुटतो असं म्हणणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांशी मी या एका मुद्द्यावर कधी सहमत झालो नाही.

आता पाणी. लेक युनियन हे नाव थॉमस मर्सर या वसाहतकाराने १८५४ सालच्या ४ जुलैला एका सहलीत सुचवलं, या आशेने की हे तळं एक दिवस समुद्राला आणि पूर्वेच्या लेक वॉशिंग्टनला जोडेल. १९१७ साली जहाजांचा कालवा आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वरखाली नेणारे दरवाजे) झाले, त्यांचं उद्घाटनही ४ जुलैलाच. आणि आता दर ४ जुलैला तळ्यातल्या तराफ्यावरून आतषबाजी होते ती बघायला हजारो लोक याच टेकडीवर बसतात. त्या दिवशी गाडी नेण्याचा विचारही करू नका.

कालव्यामुळे पाणी वाहतं राहिलं, पण किनाऱ्यालगतचा गाळ तिथेच बसला आहे, आणि पन्नास वर्षांचं सांडलेलं डांबर त्यात आहे. जमिनीवर झाकण घालता येतं. तळ्याच्या तळाशी ते करणं फार किचकट, कारण लाटा, बोटींचे पंखे, भूजलाचा खालून दाब, सगळंच हलतं. किनाऱ्यावरच्या पाट्या पोहू नका, पाण्यात उतरू नका असं म्हणतात ते पाण्याच्या रंगाकडे बघून पटत नाही, कारण पाणी नितळ दिसतं. अडचण पाण्यात कमी आणि पाय ठेवल्यावर ढवळल्या जाणाऱ्या गाळात जास्त आहे. हा गाळ हे या जागेचं उरलेलं सगळ्यात मोठं काम आहे. पाय बुडवायचेच असतील तर लेक वॉशिंग्टनच्या काठावर आणि ग्रीन लेक या शहरातल्या दुसऱ्या तळ्यावर सोपी ठिकाणं आहेत.

बाबांसाठी अजून एक. जर्मनीतल्या डुइसबुर्गमध्ये बंद पडलेला पोलाद कारखाना भट्ट्यांसकट ठेवून १९९४ साली बाग खुली झाली. तिथे जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक डायव्हिंग शिकतात. सिएटलने आधी वाट दाखवली नसती तर ते धाडस कुणी केलं असतं का, मला शंका आहे. त्याच वर्षी आपल्याकडे मिठीच्या काठावर, धारावीला लागून, महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं, तेही जुन्या कचराभूमीवर, ३७ एकरांत. तिथे मात्र झाडंच झाडं आहेत, कारण कचऱ्याची जात वेगळी. कुजणाऱ्या कचऱ्यावर मुळांना वाव असतो, डांबरावर नसतो. मुंबईला गेलो की मी तिथे एक सकाळ काढतोच, आणि बाहेर पडल्यावर गिरणगावात किती धुराडी उभी राहू शकली असती याचा हिशेब डोक्यात सुरू होतो. तो दुखरा विषय आहे, इथे नको.

जायचं तेव्हा बाबांना आधी टेकडीवर नेऊ नका. आधी रंगवलेल्या पंपांच्या शेडमध्ये न्या आणि तासभर सोडून द्या. माझे सासरे आले होते तेव्हा, तेही आयुष्यभर कंपनीत फिटर, त्यांनी पाटी एकही वाचली नाही. एका काँप्रेसरच्या फ्लायव्हीलवर हात ठेवून उभे राहिले, मग नातीला सांगायला लागले की हा पट्टा इथून फिरायचा, इथे तेल घालायचं, आणि हा व्हॉल्व्ह उलटा बसवलाय, रंगवणाऱ्याला कळलं नसणार. मग टेकडीवर चला. माथ्यावर १९७८ साली बसवलेलं सूर्यतबकडीचं शिल्प आहे. त्यात काटा नाही. आपणच उभं राहायचं आणि आपली सावली वेळ दाखवते. नातवाला उभं करा, त्याची सावली लांब पडेल अशी संध्याकाळची वेळ गाठा.